रीड-अहेड: कर्नलने पुढचं किती वाचून ठेवावं आणि तो आकडा नक्की कुठे बदलावा

गळीत हंगामात कारखान्याच्या यार्डात उभं राहिलं की एक गोष्ट लगेच कळते: गव्हाण रिकामी पडता कामा नये. मिल थांबली की पुढच्या सगळ्याचा खोळंबा. म्हणून शेती खातं तोडीचा आणि वाहनांचा हिशेब असा लावतं की मिलला लागायच्या आधी पुढचा ऊस यार्डात येऊन उभा असतो. पण म्हणून दहा गावांचा ऊस एकदम तोडून आणला, तर तो ट्रॉलीतच वाळतो, वजन घटतं, उतारा पडतो आणि रस्त्यावर रांग लागते ती वेगळीच.

लिनक्स कर्नलमधलं (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) रीड-अहेड हेच काम करतं. डिस्क हा फड, मेमरीतली पेज कॅश हे यार्ड आणि फाइल वाचणारा प्रोग्राम ही मिल. प्रोग्रामने मागायच्या आधीच कर्नल फाइलचा पुढचा भाग डिस्कवरून मेमरीत आणून ठेवतो. किती पुढचा आणायचा याची मर्यादा एका आकड्यात असते आणि तो आकडा आपल्याला बदलता येतो. बदलायला दहा सेकंद लागतात. तो योग्य थरावर बदलला का, त्याने काही फरक पडला का आणि मशीन रीस्टार्ट झाल्यावर तो टिकला का, इथे बहुतेकांचं घोडं अडतं.

एक सूचना आधीच: इथे आज्ञा आणि फाइलींची नावं देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

आकडा म्हणजे मर्यादा, कोटा नव्हे

साध्या डिस्कसाठी लिनक्समध्ये हा आकडा मुळात १२८ केबी असतो. मेमरीचं एक पेज ४ केबीचं धरलं तर ३२ पेजेस. अनेकांचा समज असा की डिस्कला हात लावला की दर वेळी १२८ केबी येतातच. तसं नाही. १२८ ही वरची हद्द आहे. तिथपर्यंत कर्नल पायरीपायरीने जातो आणि बऱ्याचदा जातच नाही.

आजची पद्धत फेंगगुआंग वू यांनी लिहिली आणि २००७ साली २.६.२३ या आवृत्तीत ती कर्नलमध्ये आली. तिचा गाभा असा: समजा एखादा प्रोग्राम फाइल सुरुवातीपासून ४-४ केबी करत वाचतोय. पहिल्या मागणीला कर्नल ४ केबी न आणता १६ केबी आणतो. या चार पेजेसपैकी दुसऱ्या पेजवर तो एक खूण करून ठेवतो. प्रोग्राम वाचत वाचत त्या खुणेवर आला, म्हणजे वाचन सलग चाललंय याची खात्री पटली. लगेच पुढचे ३२ केबी मागवले जातात, प्रोग्रामला न थांबवता. त्या ३२ केबींच्या पहिल्या पेजवर पुन्हा खूण. तिथे पोचलं की ६४, मग १२८. त्यानंतर मर्यादा आली म्हणून दर वेळी १२८.

म्हणजे मर्यादा १०२४ केबी केली तरी छोट्या फाइली वाचणाऱ्या प्रोग्रामला फारसा फरक पडत नाही, कारण खिडकी, म्हणजे एका वेळी आगाऊ आणायचा भाग, मोठी व्हायच्या आधीच फाइल संपते. ही खिडकी प्रत्येक उघडलेल्या फाइलीसाठी वेगळी असते. एकाच डिस्कवर एक प्रोग्राम सलग वाचत असेल आणि दुसरा इकडून तिकडे उड्या मारत असेल, तर पहिल्याची खिडकी मोठी होते, दुसऱ्याची होत नाही.

म्हणून ‘रीड-अहेड वाढवलं की डेटाबेस मरतो’ हे विधान अर्धंच खरं. निव्वळ रँडम, म्हणजे उड्या मारणाऱ्या वाचनात कर्नल मागितलेली पेजेस आणतो आणि गप्प बसतो. घात होतो तो तीन ठिकाणी. पहिलं, फाइलच्या अगदी सुरुवातीचं वाचन कर्नल सलगच धरतो. हजारो फाइलींचे नुसते हेडर तपासणारा प्रोग्राम असेल, तर प्रत्येक फाइलमागे थोडा फुकटचा माल येतो. दुसरं, योगायोगाने शेजारची दोन पेजेस वाचली गेली की कर्नलला वाटतं पुढचंही हवंय. तिसरं आणि सगळ्यात महागडं म्हणजे एम-मॅप.

एम-मॅपमध्ये फाइल थेट मेमरीच्या पत्त्यांवर बसवलेली असते. प्रोग्राम ‘वाच’ अशी आज्ञा देतच नाही, नुसता त्या पत्त्याला हात लावतो. पेज मेमरीत नसेल तर कर्नल त्या जागेच्या आजूबाजूचं सगळं आणतो: साधारण निम्मं आधीचं, निम्मं नंतरचं. इथे पायऱ्या नाहीत, थेट पूर्ण मर्यादेएवढं. मर्यादा १२८ असेल तर एका पेजसाठी ३२ पेजेस. तीच मर्यादा कोणी उत्साहाने ४०९६ केली असेल, तर एका पेजसाठी १०२४ पेजेस, म्हणजे ४ एमबी. चुकांचा हिशेब शंभरापलीकडे गेला की कर्नल त्या फाइलसाठी हा नाद सोडतो, पण तोवर शेकडो एमबी वाचून झालेले असतात. प्रोग्राम लिहिणाऱ्याने एम-अ‍ॅडव्हाइजने ‘रँडम’ अशी सूचना दिली असेल तर हे टळतं. सगळे देत नाहीत.

हार्ड डिस्कचं गणित

मर्यादा वाढवून सगळ्यात जास्त फायदा होतो तो फिरत्या हार्ड डिस्कवर, तोही एकाच वेळी अनेक जण सलग वाचत असतील तेव्हा. कारण तिथे फेरीचा खर्च मोठा आहे.

मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांत घेते. हवा तो भाग डोक्याखाली (वाचणाऱ्या हेडखाली) यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. डोकं एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर न्यायला साधारण आठ-साडेआठ. मिळून एका उडीचा खर्च धरू १२.५ मिलिसेकंद. एकदा जागेवर पोचल्यावर सलग वाचनाचा वेग धरू सेकंदाला १६० एमबी.

आता राजारामपुरीतल्या एखाद्या लग्नाचं शूटिंग एडिट करणाऱ्या स्टुडिओची कल्पना करा. एका मोठ्या डिस्कवर सगळं फुटेज आणि तीन-चार जण नेटवर्कवरून एकाच वेळी वेगवेगळ्या फाइली वाचतायत. डिस्कला सतत एका फाइलीवरून दुसरीवर उडी मारावी लागते. दर उडीमागे १२८ केबी वाचले, तर वाचायला लागतात जेमतेम ०.८ मिलिसेकंद आणि उडीला १२.५. सगळ्यांचा मिळून वेग पडतो सेकंदाला सुमारे ९.४ एमबी. १६० ची डिस्क नऊवर येते! फडावर ट्रॅक्टर पाठवायचा आणि दोन मोळ्या टाकून परत आणायचा, तसला प्रकार.

दर उडीमागे १ एमबी आणला तर ६.२५ अधिक १२.५, म्हणजे १८.७५ मिलिसेकंद. वेग सुमारे ५३ एमबी. ४ एमबी आणले तर ३७.५ मिलिसेकंद आणि वेग सुमारे १०७. १६ एमबीला सुमारे १४२. १२८ केबीवरून १ एमबीवर जाताना वेग साडेपाच पटीने वाढला, ४ वरून १६ वर जाताना फक्त एक तृतीयांश. म्हणून हार्ड डिस्कसाठी १ ते ४ एमबी ही पट्टी बहुतेक कामांना पुरते. त्यापुढे मेमरी जास्त जाते, पदरात थोडं पडतं.

हे कागदावरचं गणित झालं. प्रत्यक्षात डिस्क आणि आयओ शेड्युलर मागण्या पुढेमागे करतात, डिस्कची स्वतःची कॅशही असते, त्यामुळे आकडे तंतोतंत येणार नाहीत. वळण मात्र असंच असतं.

एकटाच प्रोग्राम सलग वाचत असेल, उदाहरणार्थ रात्रीचा बॅकअप, तर उड्याच नाहीत. तिथे १२८ वरही साधी डिस्क बऱ्यापैकी पूर्ण वेगाने चालते. ‘वाढवून बघितलं, काहीच फरक नाही’ असं म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा हाच एकट्याचा प्रयोग केलेला असतो.

रेडची, म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेल्या संचाची, गोष्ट निराळी. चार डिस्कचं रेड-५, चंक (एका डिस्कवर सलग पडणारा तुकडा) ५१२ केबी. तीन डिस्कभर डेटा (चौथीएवढी जागा डिस्क बिघडली तर लागणाऱ्या जोडमाहितीला), म्हणजे पूर्ण पट्टा १५३६ केबींचा. १२८ केबींची खिडकी एका वेळी बहुधा एकाच डिस्कवर पडते, बाकीच्या नुसत्या फिरत बसतात. म्हणून लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड आपली मर्यादा स्वतःहून पट्ट्याच्या दुप्पट ठेवतं, इथे ३०७२ केबी. हा विचित्र दिसणारा आकडा बघून ‘कोणीतरी चुकून टाकलाय’ म्हणत तो १२८ वर आणू नका. हार्डवेअर रेड कार्ड असेल तर कर्नलला पूर्ण संच एकच डिस्क म्हणून दिसतो. कार्डाने आपला सोयीचा आकार कर्नलला कळवला नाही, तर मर्यादा १२८ वरच राहते. तिथे हाताने वाढवणं भाग आहे.

एसएसडी आणि एनव्हीएमई या न फिरणाऱ्या, चिपवाल्या डिस्कवर उडीचा खर्च नगण्य. तिथेही एकट्या सलग वाचनाला ५१२ वर थोडा फायदा दिसू शकतो, कारण मोठी मागणी आतल्या अनेक चिप्सवर एकदम वाटली जाते. पण मोजल्याशिवाय हात लावू नये. रँडम काम असेल तर नाहीच.

एककाचा घोटाळा

एकच मर्यादा वेगवेगळी साधनं वेगवेगळ्या एककांत दाखवतात आणि निम्म्या चुका इथेच होतात. ब्लॉकडेव्ह ही आज्ञा ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये बोलते. म्हणून

ब्लॉकडेव्ह --गेटआरए /डेव्ह/एसडीए

असं विचारलं (एसडीए हे डिस्कचं नाव) तर उत्तर येतं २५६. म्हणजे १२८ केबीच. एलव्हीएमची (डिस्कची जागा लवचिक भागांत, म्हणजे व्हॉल्यूममध्ये, वाटणारा थर) आज्ञा आकड्यापुढे काही लिहिलं नाही तर सेक्टर धरते. एचडीपार्म ही डिस्कची आणखी एक आज्ञा, तीही सेक्टर. उलट सिस-एफएसमधली (कर्नलच्या कळा फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा) फाइल, /सिस/ब्लॉक/एसडीए/क्यू/रीड_अहेड_केबी, ही केबीमध्ये (‘क्यू’ म्हणजे रांग या अर्थाचा पूर्ण शब्द, नुसतं अक्षर नव्हे). उपकरणांची यादी देणाऱ्या ‘एलएसबीएलके’ला वजा ‘टी’ जोडून दिसणारा ‘आरए’ हा रकानाही केबीमध्ये. ट्यून्ड ही सेवा केबी धरते, पण आकड्यामागे ‘एस’ लावला तर सेक्टर.

अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर एसटी-१ प्रकारच्या डिस्कसाठी सलग, भरपूर वाचन असेल तर १ एमबीची शिफारस आहे आणि त्यासाठी दिलेली आज्ञा ब्लॉकडेव्हची, आकडा २०४८. तो आकडा तसाच उचलून केबीच्या फाइलीत टाकला तर २ एमबी होतात. मोंगोडीबी या डेटाबेसची, त्याच्या वायर्डटायगर या साठवण-इंजिनासाठीची शिफारस ८ ते ३२ आहे, तीही सेक्टरमध्ये, म्हणजे ४ ते १६ केबी. कोणीही नुसता आकडा सांगितला की आधी विचारा: सेक्टर की केबी?

कुठल्या थरावर बदलायचं

हा भाग नीट वाचा, कारण आकडा बरोबर आणि जागा चूक हा सर्वात नेहमीचा प्रकार.

फाइलसिस्टिम ज्या उपकरणावर थेट बसलेली असते, त्याचीच मर्यादा लागू होते. ईएक्सटी-४ किंवा एक्सएफएस यांसारखी फाइलसिस्टिम थेट /डेव्ह/एसडीए-१ या पार्टिशनवर असेल तर मर्यादा पूर्ण एसडीए डिस्कची. पार्टिशनला स्वतःची वेगळी मर्यादा नसते. एसडीए-१ ची म्हणून बदलाल तर एसडीए-२ चीही बदलली जाते.

मध्ये एलव्हीएम, एनक्रिप्शन किंवा सॉफ्टवेअर रेड आलं की वरच्या थराला स्वतःची मर्यादा असते. समजा डेटा एलव्हीएमच्या व्हॉल्यूमवर आहे. कर्नलच्या नजरेत त्याचं नाव डीएम-० असं काहीतरी. तुम्ही एसडीएची मर्यादा ४०९६ केली, पण डीएम-० ची १२८ आहे, तर चालणार १२८. खालच्या डिस्कला या वाचनात मतच नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीत डिझाइनच्या फाइलींचा सर्व्हर बसवताना इन्स्टॉलरने विचारलेल्या प्रश्नांना नुसतं ‘नेक्स्ट’ करत गेलं, तरी लिनक्सच्या काही वितरणांत एलव्हीएम आपोआप बसतं. मालकाला माहीतही नसतं.

म्हणून आधी फाइंडमाउंटला वजा मोठा ‘टी’ लावून, ज्या फोल्डरचं वाचन वेगवान करायचंय त्याचा पत्ता द्या. तो कोणत्या उपकरणावर आहे ते कळेल. मग एलएसबीएलकेमध्ये त्या उपकरणापुढचा आरए बघा. तोच बदलायचा.

बीटीआरएफएस ही फाइलसिस्टिम कोणत्याच उपकरणाचं ऐकत नाही, तिची स्वतःची मर्यादा असते आणि ती मुळात किमान ४ एमबी. ती /सिस/एफएस/बीटीआरएफएस मधल्या युयुआयडीच्या फोल्डरखाली, बीडीआय या उपफोल्डरात सापडते. झेडएफएस या फाइलसिस्टिमचा तर कारभारच स्वतंत्र, तिथे कर्नलची ही कळ चालत नाही.

एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर, डेटा असेल तर क्लायंटच्या मशीनवरची, त्या माउंटची मर्यादा बघायची. कर्नल ५.४ च्या आधी ती आर-साइजच्या (एका वाचन-मागणीचा कमाल आकार) १५ पट असायची, ५.४ पासून साधी १२८ केबी झाली. जुन्या मशीनवर एनएफएसवरून फुटेज व्यवस्थित चालत होतं आणि ओएस अपग्रेड केल्यावर रडायला लागलं, तर नेटवर्कच्या केबली उपसण्याआधी हे तपासा. ‘माउंटपॉइंट’ला वजा ‘डी’ लावलं की ०:५३ अशासारखी जोडी मिळते. /सिस/क्लास/बीडीआय/ मध्ये त्याच नावाचं फोल्डर असतं आणि त्यात रीड_अहेड_केबी.

बदलण्याची कृती आणि तीन अडचणी

आधी जुना आकडा लिहून ठेवा. मग सिस-एफएसच्या फाइलीत नवा आकडा टाका. पहिली अडचण इथेच: ‘सुडो एको १०२४’ लिहून पुढे बाणाने ती फाइल दिली तर ‘परमिशन डिनाइड’ येतं. कारण सुडोचा अधिकार एकोला मिळतो, फाइल उघडायचं काम मात्र तुमचं साधं शेल करतं. उपाय म्हणजे एकोचं उत्तर पाइपने ‘सुडो टी’ला द्यायचं (चहा नव्हे, ‘टी’ नावाची आज्ञा), किंवा सरळ

सुडो ब्लॉकडेव्ह --सेटआरए २०४८ /डेव्ह/एसडीए

म्हणायचं. म्हणजे १ एमबी.

दुसरी अडचण फार कमी जणांना माहीत असते. फाइल उघडली जाते त्या क्षणी मर्यादेचा आकडा त्या उघडलेल्या फाइलीच्या नोंदीत उतरवून घेतला जातो. नंतर तुम्ही डिस्कची मर्यादा बदलली तरी आधीच उघडलेल्या फाइली जुन्याच आकड्याने चालतात. पोस्टग्रेससारखा डेटाबेस किंवा दिवसभर फाइली उघड्या ठेवणारा सर्व्हर असेल, तर आकडा बदलून लगेच मोजलं की ‘काही फरक नाही’ असंच दिसणार. सेवा रीस्टार्ट करा, मग मोजा.

तिसरी अडचण टिकण्याची. हा बदल मेमरीतला आहे, रीबूटला जातो. आरसी-लोकलमध्ये (मशीन सुरू होताना चालणारी स्क्रिप्ट) आज्ञा टाकून ठेवणारे बरेच आहेत, पण नंतर जोडलेली डिस्क त्यातून सुटते. नीट मार्ग म्हणजे युडेव्हचा, उपकरण जोडलं जाताच कामाला लागणाऱ्या सेवेचा, नियम. /ईटीसी/युडेव्ह/रूल्स.डी/ या फोल्डरात ६०-रीडअहेड.रूल्स अशी फाइल करायची. तिच्यात एकच ओळ: अ‍ॅक्शन ‘अ‍ॅड’ किंवा ‘चेंज’ असेल, सबसिस्टिम ‘ब्लॉक’ असेल, कर्नलने दिलेलं नाव एसडी आणि पुढे ए ते झेडमधलं एक अक्षर असं असेल आणि क्यू/रोटेशनल हा गुण १ असेल, तर क्यू/रीड_अहेड_केबी हा गुण १०२४ कर. रोटेशनल १ म्हणजे फिरती डिस्क, त्यामुळे त्याच मशीनमधली एसएसडी वगळली जाते.

या ओळीत अटींसाठी दोन बरोबरची चिन्हं लागतात आणि शेवटच्या, आकडा बसवणाऱ्या भागात एकच. शेवटीही दोन टाकली तर युडेव्ह त्याला अट समजतो, काहीच बसवत नाही आणि तक्रारही करत नाही. नियम लिहून झाला की युडेव्ह-अ‍ॅडमला ‘कंट्रोल --रीलोड’ आणि मग ‘ट्रिगर’ सांगा. एलव्हीएमसाठी असा नियम लिहिण्यापेक्षा ‘एलव्ही-चेंज --रीडअहेड’ वापरा. तो आकडा व्हॉल्यूमच्या मेटाडेटातच जातो, वेगळा टिकवावा लागत नाही.

रेड हॅट घराण्यातल्या सर्व्हरवर ट्यून्डही चालू असतं, हे लक्षात असू द्या. त्याचं ‘थ्रूपुट-परफॉर्मन्स’ प्रोफाइल मर्यादा ४०९६ केबींवर नेतं. तिथे युडेव्हने १०२४ आणि ट्यून्डने ४०९६ असे दोन मालक झाले की शेवटी कोण जिंकलं ते रीबूटनंतर बघावं लागतं. एकालाच काम द्या.

मोजायचं कसं

मोजणीत सगळ्यात मोठा फसवा मित्र पेज कॅश. एकदा वाचलेली फाइल दुसऱ्यांदा मेमरीतून येते आणि वेग बघून माणूस खूश होतो. प्रत्येक फेरीआधी ‘सिंक’ करून /प्रॉक/सिस/व्हीएम/ड्रॉप_कॅशेस मध्ये ३ लिहा. चालू कामाच्या सर्व्हरवर दिवसाढवळ्या हे करू नका, कारण सगळ्यांचीच कॅश रिकामी होते आणि फोन यायला लागतात.

एफआयओ हे वेग मोजायचं साधन वापरत असाल तर दोन गोष्टी. डायरेक्ट ० ठेवा, कारण डायरेक्ट १ असेल तर पेज कॅशच बाजूला राहते आणि तिच्याबरोबर रीड-अहेडही. दुसरी जास्त छुपी: एफआयओ मुळातच कर्नलला एफ-अ‍ॅडव्हाइजने सूचना देतं, सलग वाचन असेल तर ‘सिक्वेन्शियल’, रँडम असेल तर ‘रँडम’. सिक्वेन्शियल सूचना मिळाली की कर्नल त्या फाइलीसाठी मर्यादा दुप्पट करतो आणि रँडमला रीड-अहेड बंद. म्हणजे १२८ मोजताय असं वाटतं आणि मोजलं जातं २५६. ‘एफ-अ‍ॅडव्हाइज_हिंट’ ० केल्याशिवाय आकड्यांवर विश्वास ठेवू नका.

चाचणी सुरू असताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये, डिस्कच्या वाचन-लेखनाची आकडेवारी दाखवणाऱ्या ‘आयओस्टॅट’ला वजा ‘एक्स’ आणि १ देऊन चालू ठेवा. ‘आर-एआरईक्यू-एसझेड’ या रकान्यात वाचनाच्या एका मागणीचा सरासरी आकार केबीमध्ये दिसतो. मर्यादा वाढवल्यावर सलग वाचनात हा आकडा चढलाच पाहिजे. १२८ च्या आसपासच अडकून बसला तर बदल चुकीच्या थरावर झालाय, नाहीतर फाइल जुन्या आकड्याने उघडी आहे. १२८० वर येऊन थांबला तर घाबरू नका. एका मागणीचा कमाल आकार मॅक्स_सेक्टर्स_केबी ही वेगळी कळ ठरवते आणि बऱ्याच कर्नलमध्ये ती १२८० असते. मोठी खिडकी मग तुकड्यांत जाते, एवढंच.

१२८, ५१२, १०२४, ४०९६ अशा चार पायऱ्या, प्रत्येकी तीन फेऱ्या आणि दर वेळी तीच फाइल. फाइल तीच का, तर हार्ड डिस्कच्या बाहेरच्या कडेचा वेग आतल्यापेक्षा बराच जास्त असतो. आणि वाचणारे तितकेच ठेवा जितके खऱ्या कामात असतात. चार एडिटर असतील तर चार.

माल वाळतोय का हेही बघता येतं. बीसीसी या साधनसंचात ‘रीडअहेड’ नावाचंच एक साधन आहे. आणलेल्या पेजेसपैकी किती वापरलीच गेली नाहीत ते ते दाखवतं. न वापरलेली पेजेस वाढत चालली असतील तर मर्यादा खाली आणा.

कुठे थांबायचं

मेमरीचा हिशेब सोपा आहे: एकाच वेळी सलग वाचणाऱ्या फाइली गुणिले मर्यादा. २०० फाइली आणि ४ एमबी म्हणजे ८०० एमबी आणि पुढची खिडकी आधीच मागवलेली असते म्हणून दुप्पटही धरा. ८ जीबीच्या मशीनवर हे जड जातं. मेमरी अपुरी पडली की आणलेली पेजेस वापरायच्या आधीच बाहेर फेकली जातात आणि तीच पुन्हा डिस्कवरून आणावी लागतात. वाचन वाढतं, काम घटतं. आयओस्टॅटमध्ये डिस्क पूर्ण वेगाने धावतेय आणि एडिटरच्या स्क्रीनवर मात्र व्हिडिओ अडखळतोय, असं दिसलं की हा संशय घ्या.

शून्यावर आणणं हा दुसरा टोकाचा वेडेपणा. मग खुणा नाहीत की आगाऊ मागणी नाही, प्रोग्राम मागेल तेवढंच येतं. ४ केबी करत वाचणाऱ्या प्रोग्रामची हार्ड डिस्कवर दैना होते. डेटाबेससाठी कमी करायचं असेल तर १६ किंवा ३२ केबींपर्यंत या, शून्य नको.

काही ठिकाणी हा आकडा बदलून काहीच होत नाही. मायएसक्यूएल डेटाबेसची साठवण सांभाळणारी इनोडीबी ओ-डायरेक्टने (पेज कॅश टाळून) चालत असेल तर तिच्या डेटा फाइलींना कर्नलचं रीड-अहेड लागूच नाही, तिची स्वतःची तशी सोय आहे. क्यूईएमयूचं व्हर्च्युअल मशीन ‘कॅश नन’वर (यजमानाची पेज कॅश न वापरता) असेल तर यजमान मशीनचा आकडा निरुपयोगी, पाहुण्याच्या आतला बदला. दुकानातल्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारं मशीन तर जवळपास फक्त लिहीत असतं. लिहिण्याचा रीड-अहेडशी संबंध नाही.

तुमच्याकडे प्रोग्रामचा सोर्स असेल तर पूर्ण डिस्कची मर्यादा हलवण्यापेक्षा त्या प्रोग्रामातच एफ-अ‍ॅडव्हाइजची एक ओळ टाकणं जास्त बरं. रात्री सगळ्या फाइली चाळणाऱ्या स्क्रिप्टला सिक्वेन्शियल, अनुक्रमणिकेत उड्या मारणाऱ्याला रँडम. शेजाऱ्याला त्रास नाही.

आणि एचडीपार्म वापरताना अक्षराकडे लक्ष ठेवा. लहान ‘ए’ म्हणजे हाच कर्नलचा आकडा, सेक्टरमध्ये. मोठा ‘ए’ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या सर्किटमधली पुढे वाचण्याची सोय चालू की बंद. कर्नलची मर्यादा शून्य करायला गेलेला हात मोठ्या ‘ए’वर पडला, तर डिस्कची सोय बंद होते आणि ब्लॉकडेव्हला विचारलं तर ते बिचारं २५६ च सांगत राहतं.